दख्खनची मेंढी आणि चांगल्या मटणाचं माप



ऑस्ट्रेलियात नव्यानं आलेल्या मराठी घरात पहिल्या दोन-तीन महिन्यांत हे एकदा तरी घडतंच. दुकानातून छान गुलाबी लॅम्ब आणलं जातं, गावाहून आलेला मसाला निघतो, कांदा-खोबऱ्याचं वाटण होतं, आणि रस्सा ताटात पडल्यावर घरातलं थोरलं माणूस म्हणतं, "मसाला तोच आहे, पण हे मटण ते नव्हे." मग कुणी वासाला दोष देतं, कुणी चरबीला, कुणी कुकरला.

थोरल्या माणसाचं बरोबर असतं, पण त्याचं कारण मसाल्याच्या डब्यात सापडत नाही. ते दोनशे वर्षांच्या इतिहासात आहे. आज त्या इतिहासाबद्दल बोलू. गोष्ट आहे दख्खनी मेंढीची. तिला चांगली मेंढी म्हणायचं की नाही, हे बराच काळ दुसऱ्याच देशातल्या मापानं ठरवलं गेलं. त्या गोष्टीत एक धागा असा आहे, जो कोलकात्याहून निघून सिडनीत येतो आणि इथून परत फलटणला जातो.

आधी शब्दांची भानगड मिटवू. इंग्रजीत मटन म्हणजे मोठ्या वयाच्या मेंढीचं मांस, आणि लॅम्ब म्हणजे कोकराचं. आपण मराठीत 'मटण' म्हणतो तेव्हा पुण्या-मुंबईत बहुतेक वेळा बोकडच मनात असतो. पण माण, खटाव, जत, आटपाडी, सांगोला या बाजूला जत्रेच्या कढईत मेंढीचं मटण नवीन नाही. कोवळ्या जनावराच्या मटणाला आपल्याकडे 'हलवान' असा खास शब्द आहे. म्हणजे लॅम्ब ही कल्पना आपल्याला इंग्रजांनी शिकवलेली नाही. फक्त आपलं हलवान आणि इथलं लॅम्ब ही दोन वेगळ्या जगांतली जनावरं आहेत.

दख्खनी मेंढी म्हणजे महाराष्ट्राच्या पठारावरची, आणि तिथून कर्नाटक-तेलंगणापर्यंत पसरलेली मेंढी. बहुतेक काळी, किंवा काळ्यात पांढरे ठिपके. अंगावर जाडीभरडी, केसाळ लोकर. महाराष्ट्रात तिचे लोणंद, संगमनेरी, सोलापुरी, कोल्हापुरी, माडग्याळ असे स्थानिक प्रकार मानतात. जनावर लहान. मोठी मादी तीस किलोच्या आसपास भरते. इथल्या कुरणावरची मेंढी बघून आलेल्या माणसाला ती अर्धवट वाढलेलीच वाटेल.

पण ती कुठे वाढते ते बघा. सह्याद्रीच्या पूर्वेचा हा पर्जन्यछायेचा पट्टा, वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही येईल तेव्हा. फेब्रुवारीनंतर माळावर गवताच्या नावानं काड्या उरतात. अशा मुलखात मेंढी बांधून ठेवता येत नाही, तिला चालवावं लागतं. दिवाळीच्या सुमारास धनगरांचे वाडे बाहेर पडतात. वाडा म्हणजे चिरेबंदी घर नव्हे. चार-पाच कुटुंबं, त्यांचे कळप, सामान लादलेली घोडी, कुत्री, कोंबड्या, लहान मुलं, हे सगळं मिळून वाडा. कुणी घाट उतरून कोकणात जातं, कुणी नदीकाठच्या बागायती पट्ट्यात. मृगाच्या आधी परत माळावर यायचं, कारण कोकणातला पाऊस आणि चिखल मेंढीच्या खुरांना सोसत नाही. रात्री शेतकऱ्याच्या रानात वाघूर लावायची, म्हणजे दोरीचं जाळं उभं करायचं, आणि त्यात कळप बसवायचा. सकाळी त्या रानाला लेंडीखत मिळालेलं असतं आणि धनगराला त्याबद्दल धान्य किंवा पैसे.

अशा मेंढीकडून चार गोष्टी मिळत: खत, लोकर, थोडं दूध आणि कोकरं. लोकरीची घोंगडी सनगर विणत. पण कुटुंबाच्या हातात रोख पैसा यायचा तो मुख्यतः कोकरं विकून. नर कोकरू तीन-चार महिन्यांचं, पंधरा किलोच्या आसपास झालं की लोणंदसारख्या बाजारात जायचं. आजही तसंच आहे. ही एक गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढे आलेल्या बहुतेक सुधारकांनी नेमकी हीच विसरली.

आता मांसाकडे येऊ. उष्ण कटिबंधात पिढ्यान्‌पिढ्या जगलेल्या मेंढीच्या शरीराची मांडणी थंड प्रदेशातल्या मेंढीपेक्षा वेगळी असते. थंड प्रदेशातली मेंढी चरबी कातडीखाली साठवते, अंगावर दुलई पांघरावी तशी. उष्ण प्रदेशात ती दुलई घातक. म्हणून तिथल्या मेंढ्या चरबी पोटात, आतड्याभोवती, गुरद्याभोवती साठवतात, नाहीतर सोमालियाच्या आणि अरबस्तानच्या मेंढ्यांसारखी शेपटीत किंवा पुठ्ठ्यावर. दख्खनी मेंढी शेपटीतही फार काही साठवत नाही. तिच्या सोललेल्या धडावर पांढऱ्या चरबीचा थर जवळपास नसतोच. रोज मैलोन्‌मैल चालल्यानं स्नायू गडद लाल असतात, कारण कष्ट करणाऱ्या स्नायूत प्राणवायू धरून ठेवणारं लाल द्रव्य जास्त असतं. त्याच कारणानं चवही भरीव लागते.

मेंढीच्या मांसाला जो 'मेंढवास' येतो, ज्याबद्दल आपल्याकडची माणसं नाक मुरडतात, त्याचं घर चरबीत आहे, लाल मांसात फारसं नाही. चरबीतल्या काही विशिष्ट मेदाम्लांमुळे तो येतो, हे न्यूझीलंडच्या संशोधकांनी १९७० च्या दशकात दाखवून दिलं. वयात आलेल्या मेंढ्याच्या चरबीत ती जास्त असतात, कोकरात कमी. शिवाय हिरव्यागार, रसरशीत कुरणावर, त्यातही क्लोव्हर आणि लसूणघासावर चरलेल्या जनावराच्या चरबीत आणखी एक वेगळा, गोठ्याची आठवण करून देणारा वास उतरतो. आता हिशेब करा. तीन-चार महिन्यांचं, बिनचरबीचं, वाळलं गवत आणि बाभळीच्या शेंगा खाऊन वाढलेलं कोकरू एका बाजूला, आणि हिरव्या कुरणावर सहा-आठ महिने पोसलेलं, चरबीच्या दुलईतलं मोठं लॅम्ब दुसऱ्या बाजूला. थोरल्या माणसाच्या नाकानं हा फरक कुठल्याही यंत्राशिवाय ओळखला होता.

लहान आकाराचंही असंच. पंधरा किलोच्या कोकराचं मटण सात किलोच्या आसपास निघतं. खेड्यात सकाळी एक कोकरू कापलं, तर दुपारच्या आत ते पंधरा-वीस घरांत वाटून संपतं. बर्फ लागत नाही, शीतगृह लागत नाही, शिळं उरत नाही. जिथे उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, तिथे पन्नास-साठ किलोचं जनावर कापून त्याचं करायचं काय? लहान मेंढी ही त्या बाजाराची गरज होती. मांस मुरवायला वेळ नव्हता, म्हणून आपल्या स्वयंपाकानं दुसरा रस्ता काढला. हाडासकट लहान तुकडे, आलं-लसणाचं वाटण, आणि मंद आचेवर भरपूर वेळ. नळीतला अर्क रश्श्यात उतरतो आणि स्नायूंना धरून ठेवणारे चिवट धागे विरघळून रश्श्याला दाटपणा येतो. आपला रस्सा त्या लहान, दुबळ्या दिसणाऱ्या जनावरासाठीच घडलेला आहे.

दुसरं माप कुठून आलं, तेही पाहू. १८८२ सालच्या फेब्रुवारीत 'डनेडिन' नावाचं शिडाचं जहाज गोठवलेल्या मेंढ्यांची सुमारे पाच हजार धडं घेऊन न्यूझीलंडहून निघालं आणि मे महिन्यात लंडनला पोचलं. माल चांगला निघाला. त्याआधी या भागातल्या मेंढीला किंमत होती ती लोकरीची, मांस बऱ्याचदा उकळून चरबी काढण्यापुरतं. त्या एका फेरीनंतर हळूहळू सगळी व्यवस्था लंडनच्या खाटकाच्या फळीकडे तोंड करून बसली. त्या गिऱ्हाइकाला हवी होती गुबगुबीत मांडी आणि वर पांढरी चरबी, कारण ते मांस मोठा तुकडा करून भट्टीत भाजायचे, आणि भाजताना वरची चरबी वितळून मांस कोरडं पडू देत नसे. त्यासाठी साउथडाउनसारख्या इंग्रजी जातींचे मेंढे वापरून कोकरं तयार होऊ लागली. 'चांगलं मांस' म्हणजे जाड थर, रुंद पाठ, मोठा तुकडा, ही व्याख्या तिथून पक्की झाली आणि पुढे पाठ्यपुस्तकांत गेली.

याच व्यवस्थेला एक ठेच लागली, तीही सांगण्यासारखी आहे. गोठवण्याची यंत्रं जशी जोरकस होत गेली, तसं काही मांस चामड्यासारखं चिवट निघू लागलं. १९६३ मध्ये न्यूझीलंडच्या लॉकर आणि हॅगयार्ड यांनी कारण दाखवलं. जनावर कापल्यावर स्नायू पूर्ण शांत व्हायच्या आत त्याला फार लवकर गार केलं, तर तो आखडतो आणि तसाच राहतो. नंतर कितीही शिजवा. त्यावर मांस आधी थोडं मुरू देणं, विजेचा झटका देणं असे उपाय निघाले, आणि आज इथल्या कत्तलखान्यांत ते नेहमीचे आहेत. यात गंमत अशी की लहान, बिनचरबीचं धड सगळ्यात लवकर गार होतं, म्हणून त्याला हा धोका सगळ्यात जास्त. दख्खनी कोकरू इथल्या पद्धतीच्या शीतगृहात टाकलं तर वाईट मांस निघण्याची शक्यता बरीच, आणि दोष जाईल मेंढीच्या नावावर. गावच्या सकाळच्या बाजारात तेच कोकरू उत्तम.

स्वयंपाकघराला उपयोगी दोन शब्द इथेच सांगून टाकतो. इथलं लॅम्ब थंडीत काही दिवस मुरलेलं असतं, त्यामुळे आपल्या पद्धतीनं तासभर शिजवलं की गळून जातं आणि रश्श्यावर तेलाचा थर येतो. मेंढीच्या चरबीत स्टिअरिक आम्ल भरपूर असतं, ती लवकर थिजते आणि टाळूला चिकटते. म्हणून मांडीऐवजी मान, खांदा किंवा नळी घ्या, हाडासकट लहान तुकडे करून मागा, दिसेल ती पांढरी चरबी मसाला लावण्याआधी काढून टाका. मोठ्या जनावराचं, हॉगेट म्हणून विकलं जाणारं मांस मिळालं तर रश्श्याला तेच बरं. मात्र त्याची चरबी काढण्यात हयगय नको. वास चरबीत आहे हे एकदा कळलं की अर्धं काम झालं.

परत दख्खनकडे. कंपनी सरकारच्या काळापासूनच इंग्रज अधिकाऱ्यांच्या डोळ्यांत ही काळी, भरड लोकरीची मेंढी सलत होती. ब्रिटनच्या गिरण्यांना हवी होती पांढरी, बारीक धाग्याची लोकर, म्हणजे मरिनो. तेव्हा मरिनो मेंढे आणून दख्खनी माद्यांशी संकर करण्याचे प्रयोग एकोणिसाव्या शतकातच सुरू झाले. स्वातंत्र्यानंतर राज्यकर्ते बदलले, स्वप्न तेच राहिलं. देशाला चांगली लोकर हवी, म्हणून मरिनो आणि रॅम्बुलेचे मेंढे सरकारी प्रक्षेत्रांवर आले. राहुरीच्या कृषी विद्यापीठात संकराचे प्रयोग झाले. १९७८ मध्ये राज्याचं मेंढी-शेळी विकास महामंडळ पुण्यात स्थापन झालं, ते पुढे अहिल्यादेवींच्या नावानं ओळखलं जाऊ लागलं.

संकराची लोकर खरंच बारीक निघाली. पण बारीक, दाट लोकर पावसात स्पंजासारखी भिजते आणि वाळत नाही. दख्खनीची भरड केसाळ लोकर पाणी निथळू देते. माळावरच्या काट्याकुट्यांतून वीस किलोमीटर चालायचं, उन्हात उभं राहायचं, वाळलेल्या काडीवर दिवस काढायचे, यात संकरित जनावर मागे पडायचं. धनगरांनी या मेंढ्या फारशा स्वीकारल्या नाहीत. सरकारी अहवालांत याला कधी कधी मेंढपाळांचं अज्ञान म्हटलं जाई. माझ्या मते त्या माणसांनी हिशेब नीट केला होता. त्यांचा पैसा कोकरात होता, लोकरीत नव्हता. प्रवासात मेलेल्या कोकराची लोकर कितीही बारीक असली तरी काय कामाची?

पुढे काळानं त्यांचाच हिशेब खरा केला. घोंगड्यांची मागणी स्वस्त ब्लँकेटांनी खाल्ली. आज लोकर कातरायची मजुरी लोकरीच्या किमतीपेक्षा जास्त पडते आणि कातरलेली लोकर बऱ्याच ठिकाणी रानातच टाकून दिली जाते. १९९० च्या दशकात सरकारी संशोधनाचाही रोख बदलला आणि मूळ दख्खनी मेंढीचीच मांसासाठी निवड करण्याचं काम राहुरीत सुरू झालं. आपण ज्या देशात राहतो तिथेही फार वेगळं घडलेलं नाही. मरिनोच्या या माहेरघरात गेल्या तीसेक वर्षांत डॉर्पर नावाची मेंढी पसरली आहे. तिची लोकर आपोआप गळते, कातरावी लागत नाही. डॉर्पर घडली दक्षिण आफ्रिकेत, इंग्रजी डॉर्सेट आणि काळ्या डोक्याच्या 'पर्शियन' मेंढीच्या संकरातून. ती पर्शियन मेंढी नावापुरती इराणची. मुळात ती सोमालियाच्या बाजूची, उष्ण कटिबंधातली मेंढी.

मांसासाठी नाव असलेल्या मेंढ्या आपल्या शेजारीही होत्या. कर्नाटकातल्या मंड्याजवळची बन्नूर मेंढी, बुटकी, भरलेल्या पुठ्ठ्याची, तिच्या मटणासाठी बंगळूर-म्हैसूरकडे लोक जास्त पैसे मोजतात. आपल्याकडे जत तालुक्यातली माडग्याळ मेंढी उंच, जलद वाढणारी, पांढऱ्यावर तपकिरी ठिपक्यांची. आता काही धनगर काळी दख्खनी सोडून तिच्याकडे वळले आहेत, कारण लोकरीचा व्याप कमी आणि वजन जास्त. आटपाडीच्या बाजारात माडग्याळ मेंढ्याला लाखांत बोली लागल्याच्या बातम्या तुम्ही वाचल्या असतील. ती किंमत त्याच्या पोपटासारख्या बाकदार नाकाची असते. मांसाचा त्यात काही संबंध नाही. हौसेला मोल नाही, एवढंच.

आता तो कोलकात्याचा धागा.

सिडनीची वसाहत १७८८ मध्ये वसली तेव्हा मेंढ्या आल्या होत्या, त्या केपहून, केसाळ आणि जाड शेपटीच्या. त्या फारशा टिकल्या नाहीत. वसाहत उपाशी होती. १७९२ आणि १७९३ मध्ये कोलकात्याहून आलेल्या जहाजांतून बंगालच्या मेंढ्या उतरल्या. लोकरीसाठी नव्हे, खाण्यासाठी. लहानखुऱ्या, केसाळ, पण एका वेळी दोन-तीन कोकरं देणाऱ्या. ज्या जॉन मॅकार्थरचं नाव इथल्या शाळांत मरिनोबरोबर घेतलं जातं, त्याचा कळपसुद्धा साठ बंगाली मेंढ्यांपासून सुरू झाला, असं त्यानं स्वतः नोंदवून ठेवलंय. मरिनो केपहून आल्या त्या १७९७ मध्ये. मग लोकरीचं युग आलं आणि बंगालच्या मेंढ्या संकरात विरघळून गेल्या. त्यांचं नाव कुणाच्या लक्षात राहिलं नाही.

पण एक गोष्ट रक्तात राहिली असावी. न्यू साउथ वेल्समध्ये कूमाजवळ बुरूला नावाची मेंढ्यांची जागा होती. तिथल्या सीअर्स बंधूंच्या लक्षात आलं की त्यांच्या काही मरिनो मेंढ्या जुळी, तिळी देतात. मरिनोच्या मानानं हे अजबच. त्यांनी अशाच मेंढ्या निवडून कळप वाढवला. १९५० च्या दशकाच्या शेवटी हेलन न्यूटन टर्नर या शास्त्रज्ञ बाईंच्या पुढाकारानं सीएसआयआरओनं त्यांतल्या काही मेंढ्या घेतल्या. १९८० च्या सुमाराला कळलं की हे एकाच जनुकाचं काम आहे. त्याला बुरूला जनुक म्हणतात. २००१ मध्ये त्यातला नेमका बदल सापडला, आणि २००२ मध्ये वेगवेगळ्या देशांतल्या बहुप्रसव मेंढ्यांची तपासणी झाली, तेव्हा तोच बदल सुंदरबनातल्या गारोल मेंढीत मिळाला. सव्वादोनशे वर्षांपूर्वी उपाशी वसाहतीसाठी उतरवलेल्या त्या मेंढ्यांचा हा वारसा, असंच बहुतेक अभ्यासक मानतात.

फलटणची निंबकर कृषी संशोधन संस्था, म्हणजे 'नारी', १९६८ मध्ये बनबिहारी निंबकर यांनी स्थापन केली. इरावती कर्व्यांचे ते जावई, लेखिका जाई निंबकर यांचे पती. दख्खनी मेंढीकडे पाहताना त्यांनी प्रश्नच वेगळा विचारला. मेंढी मोठी कशी होईल किंवा तिची लोकर बारीक कशी होईल, हे त्यांनी विचारलं नाही. धनगराचा पैसा कोकरात आहे, आणि दख्खनी मेंढी एका वेळी साधारण एकच कोकरू देते, मग तिला दोन का होऊ नयेत? मोठं जनावर जास्त खातं, आणि माळावर खायला नसतं. तेवढ्याच शरीराच्या मेंढीनं दोन कोकरं दिली तर चारा फार न वाढता विकायला एक जास्त मिळतं.

१९९० च्या दशकात सुंदरबनातून गारोल मेंढ्या फलटणला आणल्या गेल्या. दहा-बारा किलोचं चिमुकलं जनावर, दलदलीत वाढलेलं. तिचा दख्खनीशी संकर केला की जुळी मिळत, पण आकार कमी होई, आणि लहान कोकराला बाजारात कोण विचारणार? म्हणून पिढ्यामागून पिढ्या तो संकर परत दख्खनी मेंढ्यांशीच केला. गारोलचं बाकी सगळं गाळायचं आणि तो एक जनुक तेवढा ठेवायचा. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या मदतीनं रक्ताची चाचणी उपलब्ध झाली. त्यामुळे कोकरू हातात आल्यावरच त्याच्यात जनुक आहे की नाही हे सांगता येऊ लागलं. कामाला ऑस्ट्रेलियन सरकारच्या कृषी संशोधन केंद्राचा पाठिंबा होता, आणि आपल्याच न्यू साउथ वेल्समधल्या आर्मिडेलचं न्यू इंग्लंड विद्यापीठ त्यात सामील होतं. निंबकरांच्या कन्या चंदा निंबकर यांनी याच विषयावर तिथून डॉक्टरेट केली. तयार झालेल्या मेंढीला 'नारी सुवर्णा' असं नाव मिळालं. जनुकाची एक प्रत असलेली मेंढी बऱ्याचदा जुळी देते, तिळी क्वचितच. दोन प्रती असल्या की तिळ्यांचं प्रमाण वाढतं, म्हणून मेंढपाळांसाठी एकच प्रत बरी, असं ठरलं.

आणि मांस? बाजारातल्या गिऱ्हाइकाला सुवर्णाचं कोकरू म्हणजे दख्खनीचंच कोकरू. तेच बिनचरबीचं, गडद, रश्श्याचं मटण. सुधारणेत मांसाला हात लावला नाही. मला या सगळ्या इतिहासात हे सर्वांत शहाणपणाचं पाऊल वाटतं. दीडशे वर्षं लोक या मेंढीत काय कमी आहे ते बाहेरच्या मेंढीशी ताडून बघत होते. फलटणच्या मंडळींनी तिच्यात आधीच काय चांगलं आहे ते मोजलं, आणि जी एक उणीव धनगराला जाचत होती तेवढीच भरून काढली. तीही उष्ण कटिबंधातल्याच दुसऱ्या मेंढीकडून उसनं घेऊन.

जुळ्यांचा भार मात्र कुणावर तरी पडतोच. जुळं कोकरू जन्मतः हलकं असतं. आईला दूध पुरलं नाही तर त्यातलं एक दगावतं. वाडा चालत असताना दोन-चार दिवसांचं कोकरू चालू शकत नाही, त्याला घोड्यावर किंवा काखेत न्यावं लागतं, आणि हे काम बहुतेक वेळा बायकांच्या वाट्याला येतं. दुष्काळाच्या वर्षी एक कोकरू जगवणं कठीण, तिथे दोन म्हणजे पंचाईत. नारीच्या लोकांनी मेंढ्या मेंढपाळांच्या कळपांत देऊन हेच वर्षानुवर्षं बघितलं. एकेक कोकरू थोडं हलकं भरलं, काही जास्त दगावली, तरी मेंढीमागे विकलेलं एकूण वजन वाढलं. पण ते मुख्यतः तिथे, जिथे व्यायच्या सुमाराला मेंढीला थोडा जास्तीचा चारा आणि कोकरांना निवारा मिळाला. ज्या कुटुंबाकडे तेवढी सोय नव्हती, त्याला एकच दणकट कोकरू देणारी जुनी दख्खनी परवडत होती, आणि ते तसं स्पष्ट सांगतही.

२०१९ च्या पशुगणनेत महाराष्ट्रात मेंढ्या २७ लाखांच्या आसपास निघाल्या. चराऊ राखणं मिटत चालली आहेत, कालव्याच्या पाण्यावर उसानं माळ व्यापले आहेत, आणि वाड्याबरोबर जायला धनगरांची तरुण मुलं पूर्वीइतकी तयार नाहीत. मेंढी बसवायला रान देणारे शेतकरी मात्र अजून आहेत, आणि दिवाळी झाली की सातारा-पुण्याच्या रस्त्यांवर घोडी, कुत्री आणि कळप अजूनही दिसतात. सुट्टीत गावी गेलात आणि गाडी त्या कळपामागे अडकली, तर हॉर्न न वाजवता काच खाली करून बघा. काखेत कोकरू घेतलेली एखादी बाई त्यात नक्की दिसेल.

आजच्यापुरतं इतकंच. नमस्कार.